फारोचे जड मन : कृपेविषयीच्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

इस्राएल लोकांना गुलामीतून सोडायला नकार देणाऱ्या फारोचे, म्हणजे मिसरच्या (इजिप्तच्या) राजाचे, मन देवानेच कठीण केले, तर मग दोष फारोचा कसा? हा प्रश्न विचारण्याआधी बायबलमधील 'निर्गम' या पुस्तकाचे ४ ते १४ अध्याय सलग वाचायला हवेत. त्यात मन कठीण होण्याचा उल्लेख २० वेळा येतो आणि मूळ हिब्रूत त्यासाठी एक नव्हे, तीन शब्द आहेत : 'खाझक' म्हणजे घट्ट होणे, 'कावेद' म्हणजे जड होणे, 'काशा' म्हणजे ताठर होणे. 'जड' हा शब्द मिसरच्या संदर्भात विशेष बोलका आहे. तिथल्या समजुतीप्रमाणे मृताचे हृदय सत्य आणि न्यायाची देवी मात हिच्या पिसाबरोबर तोलले जाई आणि जड भरले तर तो दोषी ठरे.

क्रमही पाहावा. परमेश्वर हे करणार असल्याचे ४:२१ आणि ७:३ मध्ये आधीच सांगितले आहे, हे खरे. पण प्रत्यक्षात, देवाने मिसरवर आणलेल्या दहा पीडांपैकी (संकटांपैकी) पहिल्या पाचांमध्ये त्या क्रियेचा कर्ता एकदाही परमेश्वर नाही. तो पहिल्यांदा येतो सहाव्या पीडेत, फोडांच्या वेळी (९:१२). आणि फारोने 'स्वतः' मन जड केले असे तीनदाच म्हटले आहे : बेडूक मेल्यावर, गोमाश्या गेल्यावर, गारा थांबल्यावर. तिन्ही वेळा पीडा टळलेली आहे! संकटाने नव्हे, सुटकेने तो निबर झाला. आमच्या मते साऱ्या प्रकरणाचे मर्म इथेच आहे, आणि फक्त प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्रातले ९:१८ ('देव वाटेल त्याच्यावर दया करतो आणि वाटेल त्याला कठीण करतो' अशा अर्थाचे) हे एकच वचन उचलून बोलणाऱ्यांच्या हातून नेमके तेच निसटते. पौलही तिथे थांबत नाही. त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात तो सर्वांवरच्या दयेपर्यंत जातो.

तिसऱ्या शतकात ओरिगेन या ख्रिस्ती विचारवंताने दाखला दिला : ऊन एकच, पण त्याने मेण वितळते आणि चिखल वाळून टणक होतो. पुढे बिशप ऑगस्टीनला हे पुरेसे वाटले नाही. मेण मेण का झाले, हा प्रश्न उरतोच. माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीने चांगला वागू शकतो असे शिकवणाऱ्या पेलाजियसशी झालेल्या वादात ऑगस्टीनने मांडले की देव कोणाच्या मनात दुष्टपणा घालत नाही, तो दया रोखून धरतो. आणि पापाची शिक्षा म्हणून पापच वाढत जाते. ४१८ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज इथे भरलेल्या चर्चच्या परिषदेने पेलाजियसची शिकवण नाकारली. ५२९ मध्ये ओरांजच्या परिषदेने ठरवले की विश्वासाची सुरुवातसुद्धा कृपेनेच, म्हणजे देवाच्या न कमावलेल्या दयेनेच, होते. मात्र देवाने कोणाला दुष्टाईसाठी नेमले आहे, हे मत तिने तितक्याच ठामपणे धिक्कारले.

हजार वर्षांनी वाद पुन्हा पेटला तो याच फारोवरून. १५२४ मध्ये विद्वान इरास्मसने माणसाच्या स्वतंत्र इच्छेची बाजू घेत ओरिगेनचा अर्थ पुढे केला. १५२५ च्या उत्तरात धर्मसुधारक मार्टिन लूथरने तो खोडला आणि सुताराचे उदाहरण दिले : कुऱ्हाडीची धार तुटलेली असेल तर सुतार कितीही कुशल असो, घाव वेडावाकडाच पडतो. सुतार (म्हणजे देव) थांबत नाही, पण कुऱ्हाडीची (म्हणजे दुष्ट माणसाची) धार त्याने तोडलेली नसते.