चीकदूध

बाळंतपणानंतर पहिले दोन-चार दिवस आईच्या अंगावर येणारे दाट, पिवळसर दूध; बोलीत नुसता ‘चीक’. पहिल्या दिवशी तो एका वेळी जेमतेम चमचाभर निघतो, तोही थेंबाथेंबाने. ‘हिला अजून दूधच उतरलं नाही’ हा घरच्यांचा घोर इथूनच सुरू होतो आणि मधाचे बोट पुढे येते. वास्तविक त्या दिवशी बाळाच्या पोटात मावतेच तेवढे. मध तर वर्षाच्या आत देऊच नये. त्यातल्या जिवाणूंमुळे बोट्युलिझम ही जिवावरची विषबाधा होऊ शकते.

चिकात प्रथिने, अ जीवनसत्त्व आणि पांढऱ्या पेशी भरपूर असतात. त्यातली आयजीए प्रतिपिंडे, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिने, आतड्याच्या अस्तरावर पसरून जंतूंना तिथे चिकटू देत नाहीत. चीक सौम्य रेचकही आहे. बाळाची पहिली डांबरासारखी काळी शी त्याने लवकर पडते, तिच्यासोबत बिलिरुबिन हे काविळीचे पिवळे द्रव्य बाहेर जाते आणि काविळीचा जोर कमी राहतो.

गाय व्यायली की चिकाचा खरवस कौतुकाने शेजारी वाटायचा आणि बाईचा चीक मात्र ‘साचलेला, जड’ म्हणून पिळून टाकायचा, ही आपल्याकडची जुनी विसंगती.

जन्मल्यापासून तासाभरात पाजावे आणि पहिले ६ महिने अंगावरचेच दूध द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अशा बाळांना जुलाब, न्यूमोनिया आणि कानाचे संसर्ग कमी होतात. नाशिकचा पारा चाळिशीकडे गेला की बाळाला पाणी पाजायचा आग्रह होतो. पण आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते. खरी अडचण कामाच्या जागी. पेठ-सुरगाण्याहून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत आलेल्या मजूर बाईचे बाळ बांधाच्या झाडाला साडीच्या झोळीत असते आणि पाजायची सवड मुकादमाच्या मर्जीवर. १९६१च्या प्रसूती लाभ कायद्याने मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोनदा सुट्टी ठरवली, पण रोजंदारीवरच्या बाईला ती क्वचितच मिळते.

सिझेरियननंतरही आईला कुशीवर निजवून पाजता येते. डब्याचे दूध आणायला पळण्याची गरज सहसा नसते. कमी दिवसांच्या बाळाला ओढता येत नसेल तर चीक हाताने काढतात. वाटीत घेतला तर तो बुडालाच चिकटून राहतो, म्हणून थेट चमच्यात पिळतात आणि तिथूनच बाळाच्या ओठांवर टेकवतात.