लोकर पुरेल का? उरलेल्या गुंड्याचा हिशोब

बाळंतविड्याचा स्वेटर विणताय, एक बाही राहिलीये आणि हातातला गुंडा बारीक व्हायला लागलाय, तेव्हा पोटात जो गोळा येतो तो विणणाऱ्यालाच कळतो. दुकानात त्याच नंबरचा रंग मिळाला तरी लॉट बदललेला असला की बाही फिकी दिसते. माझं हे दोनदा झालंय, दोन्ही वेळा मी गुंडा नुसता डोळ्यांनी बघून "पुरेल" म्हटलं होतं.

डोळे फसतात कारण गुंडा गोल असतो. त्याची जाडी 10 सेंटीमीटरवरून 8 झाली तर आपल्याला वाटतं थोडीच संपली, पण गोळ्याचं आकारमान जाडीच्या घनाप्रमाणे बदलतं, म्हणजे 0.8 गुणिले 0.8 गुणिले 0.8, उत्तर येतं 0.51. जवळपास निम्मी लोकर गेली की!

म्हणून स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा घ्या. वेष्टनाच्या कागदावर 100 ग्रॅममध्ये 220 मीटर लिहिलंय आणि उरलेला गुंडा 37 ग्रॅम भरला, तर 37 गुणिले 2.2, साधारण 81 मीटर धागा आहे. कागद हरवलाय? काही बिघडत नाही, मला तर ही दुसरी पद्धतच जास्त आवडते: आधी गुंड्याचं वजन करा, 10 ओळी विणा, परत वजन करा. एका ओळीवर मोजू नका, काटा एक ग्रॅमखालचं दाखवत नाही. 10 ओळींना 6 ग्रॅम लागले आणि आता 37 उरलेत म्हणजे अजून साठेक ओळी होतील, त्यातून शेवटचे टाके बंद करायला रुंदीच्या चौपट धागा बाजूला ठेवायचा.

आता पावसाळ्यातली गंमत. खरी मेंढीची लोकर हवेतलं पाणी तंतूच्या आत ओढून घेते आणि हाताला तरीही कोरडीच लागते. 65 टक्के आर्द्रतेला 100 ग्रॅम सुक्या लोकरीत साधारण 16 ग्रॅम पाणी असतं, हवा अगदी दमट झाली की 30 च्या आसपास जातं. म्हणजे कोकणात जुलैमध्ये तोललेला गुंडा जास्त भरतो, धागा मात्र तेवढाच! अ‍ॅक्रिलिकमध्ये पाणी जेमतेम दोन टक्के, तिथे ही काळजी नाही. 10 ओळींच्या पद्धतीत दोन्ही वजनं एकाच दिवशी होतात, ओळीत गेलेली लोकरही तेवढीच दमट असते, त्यामुळे हिशोब चुकत नाही.

टोकापासून सुरू केलेली त्रिकोणी शाल असेल तर मात्र ओळी मोजून भागत नाही, कारण प्रत्येक ओळ आधीपेक्षा लांब होत जाते. 100 पैकी 50 ओळी झाल्या तेव्हा फक्त पाव लोकर खर्च झालेली असते, निम्मी संपते ती 71 व्या ओळीजवळ. तेव्हा अशा शालीला शेवटी शेवटी दर चार ओळींनी गुंडा काट्यावर ठेवत जा.