आधी सेन्सर, मग बूस्ट

मुंबईत कायमस्वरूपी रेस ट्रॅक नाही, पण ट्रॅकवर पळणाऱ्या गाड्या आहेत. मोसमात त्या ट्रेलरवर चढून कोईम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेला किंवा चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला जातात. मोसम संपला की परत येतात आणि उपनगरातल्या एखाद्या गाळ्यात बॉनेट उघडं टाकून उभ्या राहतात. पुढच्या मोसमापर्यंतचा हा काळ गाडीत बदल करण्याचा. गाडी टर्बोची असेल तर बहुतेक मालकांच्या मनात पहिल्यांदा बूस्ट, म्हणजे टर्बोने इंजिनात दाबून भरलेल्या हवेचा दाब, वाढवण्याचाच विचार येतो. मला हा क्रम चुकीचा वाटतो. टर्बो इंजिनाची ताकद वाढवणं फार सोपं आहे. ती ताकद आतल्या धातूला कितपत झेपते आहे हे कळणं अवघड आहे, आणि पैसा आधी तिथे खर्च व्हायला हवा.

इंजिनाची ताकद ठरते ती दर फेरीला सिलिंडरमध्ये किती वजनाची हवा शिरली यावर. पेट्रोल हवं तेवढं फवारता येतं, हवा मात्र इंजिनाला स्वतः ओढून घ्यावी लागते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये यावरच्या उपायाचं पेटंट घेतलं: बाहेर फेकल्या जाणाऱ्या गरम वायूंनी टर्बाइन फिरवायचं आणि त्या ऊर्जेवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरने आत येणारी हवा दाबायची. आजच्या छोट्या टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेतो, तोही बहुधा तेलाच्या पातळ थरावर तरंगत.

पण हवा दाबली की ती तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं तोंड हाताला चटका देतं, त्याचं कारण हेच. मे महिन्यातली ३५ अंशांची हवा दुप्पट दाबापर्यंत आवळली, तर आदर्श कॉम्प्रेसरमधूनसुद्धा ती सुमारे १०० अंशांवर बाहेर पडेल. कॉम्प्रेसर ७० टक्के कार्यक्षम धरला तर १३० अंशांवर. म्हणजे दाब दुप्पट झाला, पण घनता जेमतेम दीडपट. इंटरकूलरने, म्हणजे दाबलेली हवा थंड करणाऱ्या रेडिएटरसारख्या जाळीने, हीच हवा ५५ अंशांपर्यंत थंड केली तर घनता जवळजवळ १.९ पट होते. इंटरकूलरमध्ये थोडा दाब वाया जातो तो सोडला, तर बूस्टला हात न लावता सुमारे २० टक्के जास्त हवा मिळाली. इंटरकूलरच्या पट्ट्यांमध्ये अडकलेला चिखल आणि रबराचा चुरा साफ करणं हे काम दिसायला किरकोळ आहे, पण त्याचं मोल मोठं आहे.

शहराची हवाही हिशेबात धरावी लागते. पावसाळ्यात ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असताना हवेतले तीन टक्क्यांहून जास्त रेणू पाण्याच्या वाफेचे असतात. तेवढी ऑक्सिजनची जागा गेली. कोईम्बतूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंच, त्यामुळे तिथे बाहेरचा दाबच मुंबईपेक्षा चार-पाच टक्के कमी असतो. समुद्राकाठी ट्यून केलेल्या गाडीचा बूस्ट तिथे तोच ठेवायचा तर टर्बोला जास्त मेहनत करावी लागते आणि हवा आणखी तापते. म्हणूनच ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या संगणकाने, बाहेरच्या हवेच्या वरचा दाब न मोजता एकूण दाब मोजावा, आणि इंटरकूलरनंतरच्या हवेचं तापमानही त्याला सतत कळावं.

या सगळ्या उष्णतेचा हिशेब शेवटी सिलिंडरमध्ये चुकता होतो, नॉकिंगच्या रूपाने. स्पार्क पडला की ज्योत एका टोकाकडून दुसऱ्याकडे सरकत जाते. ती पोचण्याआधीच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण उष्णतेने आणि दाबाने आपोआप पेटलं, तर दाबाची लाट सिलिंडरच्या भिंतींवर आपटत राहते. या लाटेला ठरावीक सूर असतो. ८० मिलिमीटर बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) सिलिंडरमध्ये तो सात किलोहर्ट्झच्या आसपास येतो. पिस्टनच्या माथ्यावर शांत वायूचा एक पातळ थर असतो, तोच त्याला ज्वाळेपासून वाचवतो. नॉकिंगची लाट हा थर खरवडून काढते. मग ॲल्युमिनियम वितळायला लागतं किंवा पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटते. जोरदार नॉकिंग असेल तर एका लॅपमध्येही खेळ संपू शकतो, आणि हेल्मेट घातलेल्या ड्रायव्हरला आवाजही येत नाही.

तो ऐकण्याचं काम ब्लॉकवर बसवलेला नॉक सेन्सर करतो. ६,००० आरपीएमला (मिनिटाला ६,००० फेऱ्यांना) क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, सेकंदाला १०० फेरे घेतो, म्हणजे एका मिलिसेकंदात ३६ अंश फिरतो. चांगला ईसीयू पिस्टन वरच्या टोकाला पोचल्यानंतरच्या छोट्याशा खिडकीतच कान देतो. त्यामुळे व्हॉल्व्हचा खडखडाट गाळला जातो आणि नॉकिंग कोणत्या सिलिंडरमध्ये झालं तेही समजतं. मग त्याच सिलिंडरचं टायमिंग मागे घेता येतं, म्हणजे स्पार्क थोडा उशिरा पाडता येतो. मोसमांच्या मधे एकच वस्तू घेण्याइतके पैसे असतील, तर मी मोठ्या टर्बोऐवजी असा ईसीयू आणि हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारा वाइडबँड लॅम्ब्डा सेन्सर निवडेन.

लॅम्ब्डा सेन्सर आता आणखी गरजेचा झाला आहे, कारण आपल्या पंपांवरचं पेट्रोल बदललं आहे. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला साधारण १३.५ पट. तेवढ्याच हवेला जास्त इंधन द्यावं लागतं. आधीच्या पेट्रोलवर केलेला जुना मॅप (ईसीयूतला इंधनाचा तक्ता) तसाच ठेवला तर पूर्ण बूस्टवर मिश्रण धोकादायकरीत्या पातळ, म्हणजे हवेच्या मानाने कमी इंधनाचं, होऊ शकतं. दुसऱ्या बाजूला इथेनॉल नॉकिंगला जास्त दाद देत नाही, आणि वाफ होताना हवा थंडही करतं. इंजेक्टर आणि पंप पुरेसे मोठे असतील तर हे पेट्रोल टर्बोच्या फायद्याचंच आहे.

आता वायरिंग. याकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं, आणि मुंबईत तेच सर्वांत आधी बिघडतं. खारी, दमट हवा कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर चढवते. पंपाच्या जोडणीत ०.१ ओहमचा अडथळा तयार झाला आणि पंप १५ अँपिअर ओढत असेल, तर १.५ व्होल्ट वाटेतच जातात. पंप मंदावतो, लांब सरळ पट्ट्यावर इंधनाचा दाब पडतो, मिश्रण पातळ होतं, नॉकिंग सुरू होतं. फुटलेला पिस्टन हातात आल्यावर गंजलेल्या पिनेचा संशय कोणाला येणार? म्हणून पाणी न शिरणारे कनेक्टर आणि योग्य पकडीने केलेलं क्रिम्पिंग (तारेवर पिन दाबून बसवणं) यांवर कंजुषी करू नये. डाग देऊन केलेला जोड मजबूत वाटतो, पण वितळलेलं शिसं-कथील तारेत वर चढतं आणि जिथे संपतं तिथेच कंपनांनी तार तुटते. फ्यूज-रिलेच्या जागी इलेक्ट्रॉनिक पॉवर मॉड्यूल बसवलं तर पंप किती करंट ओढतो हेही नोंदलं जातं, आणि बिघाड ट्रॅकवर जाण्याआधी दिसतो.

इंजिन उघडण्याआधी लीक-डाउन चाचणी करावी. पिस्टन वर आणून सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडायची आणि ती कुठून निसटते ते बघायचं. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, तेलाच्या झाकणातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. फोर्ज्ड (दाबून घडवलेले) पिस्टन टाकणार असाल तर ते कमी सिलिकॉनच्या मिश्रधातूचे असल्यास जास्त फुगतात, म्हणून बोअरमध्ये जास्त जागा ठेवावी लागते. वाढीव बूस्टसाठी रिंगांच्या टोकांमधली फटही मोठी लागते. टोकं तापून एकमेकांना भिडली तर रिंग बोअरमध्ये अडकते.

तेलाचा प्रश्न वेगळाच. वळणावर गाडीने एक जी (गुरुत्वाकर्षणाइतका) बाजूचा जोर घेतला की संपमधल्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीतल्या, तेलाची पातळी ४५ अंशांनी कलते आणि तेल ओढणारी नळी उघडी पडू शकते. खाचा नसलेल्या स्लिक टायरवर एक जी सहज ओलांडला जातो. संपमध्ये आडपडदे बसवणं हा स्वस्त आणि चांगला उपाय. त्याच्या जोडीला तेलाचा दाब ईसीयूला कळवावा आणि आरपीएमनुसार किमान मर्यादा ठरवून द्यावी. दाब त्याखाली गेला की इंजिन आपोआप बंद.

एवढं झाल्यावर डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, गाडी चढवावी आणि बूस्ट मागच्या मोसमाइतकाच ठेवावा. टायमिंग एकेक अंशाने पुढे न्यावं, टॉर्क वाढायचा थांबला की तिथेच थांबावं. ट्रॅकवरच्या पहिल्या टेस्टनंतर लॅपची वेळ बघण्याआधी लॉगमधल्या चार रेषा एकावर एक ठेवून बघाव्यात: इंधनाचा दाब, लॅम्ब्डा, नॉक आणि तेलाचा दाब. त्या दहाव्या लॅपलाही पहिल्या लॅपसारख्याच दिसल्या, तर बूस्ट थोडा वाढवायला हरकत नाही.