प्लेगच्या साथीत माणसे अशी का वागली?

१८९६ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मुंबईच्या मांडवी भागातल्या धान्याच्या वखारींमध्ये उंदीर मरून पडू लागले आणि पाठोपाठ आसपासच्या दाट वस्तीत माणसांना कडक ताप येऊन जांघेत व काखेत गाठी उठू लागल्या. मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस त्या वस्तीत रुग्ण तपासत होते. हा साधा ताप नसून गाठीचा प्लेग आहे, असे त्यांनी २३ सप्टेंबर रोजी महापालिकेच्या स्थायी समितीपुढे सांगितले. बंदरावर आणि व्यापारावर जगणाऱ्या शहराच्या कारभाऱ्यांना हा शब्द ऐकायचाच नव्हता, पण लोकांना कोणाच्या निदानाची वाट पाहण्याची गरज वाटली नाही. शेजारच्या खोलीतून चार दिवसांत दोन प्रेते बाहेर पडली की माणसाला जे कळायचे ते कळते.

त्यानंतर मुंबई रिकामी होऊ लागली. १८९१ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ८ लाख २१ हजारांच्या घरात होती आणि १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत त्यांतली जवळजवळ निम्मी माणसे शहर सोडून गेली होती. गिरणीकामगार कोकणात आणि घाटावर आपापल्या गावी गेले, गुजराती व्यापारी काठियावाड-कच्छकडे गेले. गिरण्यांना माणसे मिळेनाशी झाली, तेव्हा महिन्याचा पगार पुढच्या महिन्यात देण्याची जुनी रीत मोडून मालकांना रोजच्या रोज मजुरी हातावर ठेवावी लागली. उद्या आपण असू की नाही याची खात्री नसलेला कामगार थकलेल्या पगारासाठी थांबायला तयार नव्हता. साथीत लोकांचे वागणे किती व्यवहारी असते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

या साऱ्याला ‘घबराट’ म्हणण्याची आपल्याला सवय आहे आणि मला तो शब्द अपुरा वाटतो. घाबरलेला माणूस विचार करत नाही, असे त्यात गृहीत धरलेले असते. साथीचा अभ्यास करणाऱ्यांना मात्र उलटे चित्र वारंवार दिसते: डोळ्यांसमोरचे मृत्यू वाढले की लोक सरकारी हुकमाआधीच आपले वागणे बदलतात. २०२० साली अमेरिकेत कोविडच्या सुरुवातीला दुकानांमधली ग्राहकांची वर्दळ सुमारे ६० टक्क्यांनी घटली. ऑस्टन गूल्सबी आणि चॅड सिव्हर्सन या अर्थशास्त्रज्ञांनी मोबाइल फोनच्या नोंदींवरून हिशेब मांडला, तेव्हा त्या ६० पैकी केवळ ७ टक्के घट सरकारी निर्बंधांमुळे झालेली आढळली. बाकीची लोकांनी स्वतःहून केली होती.

आता पळून जाणे हे प्लेगच्या बाबतीत शहाणपणाचे होते का, हे पाहायचे तर रोगाची चाल समजून घ्यावी लागते. प्लेगचा जंतू अलेक्झांडर येर्सिन यांनी १८९४ साली हाँगकाँगमध्ये शोधला होता, पण तो माणसापर्यंत कसा पोहोचतो हे १८९६ च्या मुंबईत कोणालाच माहीत नव्हते. खरी साखळी अशी आहे: प्लेग हा मुळात उंदरांचा रोग. उंदराच्या अंगावरची पिसू त्याचे रक्त पिते, जंतू तिच्या पोटात वाढतात आणि काही पिसवांच्या अन्नमार्गात त्यांचा बोळा बसतो. अशा पिसवेला रक्त गिळता येत नाही. ती भुकेने पुन्हा पुन्हा चावते आणि प्रत्येक चाव्यासरशी थोडे जंतू जखमेत ओकते. उंदीर जिवंत असेतोवर पिसवा माणसाच्या वाटेला फारशा जात नाहीत. उंदीर मेला आणि गार पडला की त्या दुसरे ऊबदार शरीर शोधतात. म्हणजे ‘उंदीर पडणे’ हा पुढे काही दिवसांनी येणाऱ्या माणसांच्या मरणाचा इशारा असतो, आणि गाठीच्या प्लेगमध्ये घर सोडणे हा जीव वाचवण्याचा खरोखरच एक चांगला उपाय होता. ज्यांनी घर सोडले त्यांना कारण माहीत नव्हते, पण निष्कर्ष बरोबर होता.

सरकारी उपायांचे तसे नव्हते. रोग घाणीत आणि दूषित हवेत आहे अशा समजुतीने गटारे धुतली गेली, कार्बोलिक आम्ल शिंपडले गेले, चाळींच्या छपरांवरची कौले काढून अंधाऱ्या खोल्यांत ऊन आणले गेले. काही इमारतींवर ‘माणसांना राहण्यास अयोग्य’ या अर्थाची ‘यू. एच. एच.’ ही इंग्रजी अक्षरे रंगवली गेली. खोल्या उजेडात आल्या हे चांगलेच झाले; पण धुण्याशिंपडण्याने हुसकावलेले उंदीर शेजारच्या घरांत जात, हे तेव्हा ध्यानात आले नाही. उंदीर, पिसू आणि माणूस ही साखळी पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत प्रयोगाने दाखवली आणि तीही सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली.

पळून जाण्याची किंमत दुसऱ्यांना मोजावी लागते, हेही तितकेच खरे. बिऱ्हाडाच्या गाठोड्यांतून आणि धान्याच्या पोत्यांतून पिसवा प्रवास करत होत्या. १८९६ चे वर्ष संपण्याआधीच पुण्यात प्लेग पोहोचला. जोशुआ एप्स्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली एका संगणकीय प्रतिमानात हा पेच मांडला. त्यांच्या मते साथीत दोन संसर्ग एकाच वेळी पसरत असतात, एक रोगाचा आणि एक भीतीचा. आणि भीती ही रोग न होताही लागते. भीतीने लोक घरात बसले तर रोग ओसरतो, पळाले तर तो नव्या ठिकाणी जातो. शिवाय भीती ओसरून लोक बाहेर पडू लागतात, तेव्हा रोग पूर्णपणे गेलेला नसेल तर दुसरी लाट उठते.

मुंबईत मात्र भीती दोन गोष्टींची होती, एक रोगाची आणि दुसरी उपायांची. ६ ऑक्टोबर १८९६ च्या जाहीरनाम्याने रुग्णाला सक्तीने रुग्णालयात हलवण्याचा अधिकार पालिकेकडे आला आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला सुमारे हजार गिरणीकामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. रुग्णालयात नेऊन माणसांना मारतात आणि त्यांच्या शरीरातून ‘मोमियाई’ नावाचे औषधी तेल काढतात, अशी अफवा शहरात फिरत होती. अफवेला हसण्यापूर्वी ती कशावर उभी होती हे पाहावे. गाठीच्या प्लेगवर तेव्हा औषध नव्हते आणि निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत. त्यात सक्तीच्या धास्तीने घरचे लोक रुग्णाला लपवत, आज माळ्यावर ठेवत, उद्या रातोरात नातलगाकडे हलवत. ज्यांना लपवणे अशक्य होई ते शेवटच्या घटकेला रुग्णालयात पोहोचत आणि अर्थातच मरत. गल्लीतल्या माणसाला दिसे ते एवढेच, की जो तिकडे गेला तो परत आला नाही. त्यामुळे लपवणे वाढे, लपवण्याने उशीर वाढे आणि उशिराने रुग्णालयातले मृत्यू वाढत. लोकांच्या निरीक्षणात चूक नव्हती, कारण शोधण्यात होती. आणि त्या कारणाला सक्तीने स्वतःच खतपाणी घातले होते.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला, जो २०२० सालीही वापरला गेला, आणि सक्तीला कायद्याचे पाठबळ मिळाले. पुण्यात प्लेग समितीचे अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड यांनी घरांच्या झडतीसाठी गोरे सैनिक लावले. देवघरात आणि स्वयंपाकघरात बुटांनिशी शिरणारे शिपाई, परक्या पुरुषांकडून होणारी बायकांची तपासणी आणि विलगीकरणाच्या छावण्यांकडे होणारी कुटुंबांची रवानगी यांमुळे शहर दुखावले गेले. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली, हा इतिहास मराठी वाचकाला माहीत आहे. पण त्याच पुण्यात याच महिन्यांत वेगळे वागणेही घडत होते. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी रुग्णांसाठी दवाखाना चालवला आणि ती सेवा करतानाच प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई गेल्या. टिळकांनी शहर न सोडता हिंदू प्लेग रुग्णालयासाठी पुढाकार घेतला. रुग्णाला वेगळे ठेवण्याला लोकांचा सरसकट विरोध होता, असे म्हणता येत नाही. वेगळे कोण ठेवतो, कोठे ठेवतो आणि त्याच्या उशाशी कोण बसू शकतो, हा त्यांचा प्रश्न होता.

सरकारला हे उमगायला आणखी एक दंगल व्हावी लागली. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत जुलाहा विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला तपासायला आलेल्या पथकाला लोकांनी अडवले आणि त्यातून दंगा पेटला. त्यानंतर धोरण सैल झाले. सक्तीच्या झडत्या मागे पडल्या, निरनिराळ्या समाजांना आपापली रुग्णालये चालवण्यास उत्तेजन मिळाले, स्थानिक प्रतिष्ठितांना मध्ये घेतले गेले. लशीचेही असेच झाले. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली लस १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि तरुण आगा खानांनी ती चारचौघांत टोचून घेतल्यावर त्यांच्या खोजा अनुयायांनी विश्वासाने दंड पुढे केले. उलट १९०२ साली पंजाबातल्या मुल्कोवाल येथे एका दूषित बाटलीमुळे १९ जण धनुर्वाताने मेले, तेव्हा लोकांचा विश्वास पार ढासळला आणि हाफकिन यांना निर्दोष ठरायला पाच वर्षे लागली.

खेड्यांनी या साथीतून जे शिकून घेतले ते मला फार मोलाचे वाटते. उंदीर पडू लागले की गाव उठायचे आणि रानात, मळ्यात कुडाच्या झोपड्या बांधून महिना-दोन महिने राहायचे, ही रीत अनेक ठिकाणी रुळली. अधिकाऱ्यांनीही पुढे सक्तीच्या छावण्यांपेक्षा याच गाव रिकामे करण्याला प्रोत्साहन दिले. भारतात या साथीने पुढच्या काही दशकांत एक कोटीहून अधिक माणसे नेली. पण ज्या गावाने उंदराकडे लक्ष ठेवले त्याच्याजवळ निदान काही दिवसांची आगाऊ सूचना होती.

जवळजवळ शंभर वर्षांनी, ऑगस्ट १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात ती सूचना पुन्हा मिळाली. आदल्या वर्षीच्या ३० सप्टेंबरच्या किल्लारी भूकंपानंतर लोक धास्तीने घराबाहेर तात्पुरत्या निवाऱ्यांत राहत होते आणि धान्य घरांत तसेच होते. तिथे उंदीर माजले, मग पडू लागले आणि पिसवांनी लोक हैराण झाले. त्यानंतर गाठीचे रुग्ण आढळले.

सप्टेंबरमध्ये सुरतेत आलेली साथ मात्र फुप्फुसाच्या प्लेगची होती, आणि तिची चाल निराळी असते. हा प्रकार खोकल्यातून माणसाकडून माणसाकडे थेट जातो. तरीही सुरतकर १८९६ च्या मुंबईकरांसारखेच वागले: काही दिवसांत शहराचा सुमारे चौथा हिस्सा निघून गेला. त्यांत यंत्रमागांवर आणि हिऱ्यांच्या कारखान्यांत राबणारे बाहेरगावचे कामगार मोठ्या संख्येने होते, आणि आपल्या खानदेशातली माणसेही होती. मागे राहणाऱ्यांसाठी चित्र आणखी बिकट होते, कारण असंख्य खासगी डॉक्टरांनीही दवाखाने बंद करून शहर सोडले होते. फरक एवढाच, की या वेळी औषध होते. टेट्रासायक्लीन घेण्यासाठी औषधांच्या दुकानांवर रांगा लागल्या, ज्यांना गरज नव्हती त्यांनीही ते साठवले आणि दूरच्या शहरांतही त्याचा तुटवडा पडला. मृत्यू देशभरात साठाच्या आत राहिले आणि पळालेल्यांमुळे इतरत्र मोठी साथ पसरली नाही. पुढे औषध पुरते आहे आणि नवे रुग्ण येत नाहीत असे दिसू लागले, तसतसे लोक कोणाच्या हुकमाची वाट न पाहता परतले आणि माग पुन्हा चालू झाले.