नजर उड्या मारते, गोष्ट तिथे घडते

परवा ठाण्यात एका उड्डाणपुलाखाली भिंतीवरच्या वारली चित्रापुढे एक आजोबा नातवाला सांगत होते, "पुस्तक वाचावं लागतं बाळा, चित्र एका नजरेत कळतं." आपल्यापैकी बहुतेकांना हे पटेल. पण डोळ्याची रचना वेगळं सांगते.

हात लांब करून अंगठ्याचं नख बघा. एका वेळी जवळजवळ तेवढंच क्षेत्र आपल्याला अगदी स्पष्ट दिसतं, बाकीचं धूसर. कारण बारकावे टिपणारा खळगा दृष्टिपटलावर इवलासा असतो. म्हणून डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारतो आणि उडीच्या वेळी मेंदू दृश्य दाबून टाकतो. आरशात स्वतःच्या एका डोळ्यावरून दुसऱ्यावर नजर न्या. बुबुळं हलताना तुम्हाला दिसणार नाहीत, शेजारच्याला मात्र दिसतील!  

चित्रात लग्न आहे की जंगल, हे सेकंदाच्या दहाव्या भागात कळतं. आजोबांचं तेवढं खरं. पुढची गोष्ट उड्यांनीच जुळवावी लागते. मजकुरात उड्यांचा क्रम लेखकाने ओळींत बांधलेला असतो. चित्रात तो कोण ठरवतं?

रशियन शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बस यांनी डोळ्यावर चिमुकला आरसा बसवलेली इवलीशी वाटी चिकटवून नजरेची वाट नोंदवली. समोर इल्या रेपिन यांचं चित्र होतं: हद्दपारीतून सुटलेला माणूस अवचित घरात शिरतो. माणसांची वयं विचारली, तर नजर चेहऱ्यांवर खिळली. सांपत्तिक स्थिती विचारल्यावर ती कपड्यांवर आणि घरातल्या सामानावर गेली. तो किती काळ दूर होता, असं विचारताच ती या चेहऱ्यावरून त्या चेहऱ्यावर येरझाऱ्या घालू लागली. चित्र तेच, बघणाराही तोच, वाट मात्र प्रश्नागणिक निराळी.

अजिंठ्याच्या 17व्या लेण्यात विश्वंतर जातकातला, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्माच्या कथेतला, राजपुत्र पुन्हा पुन्हा रंगवलेला आहे. नजर कुठेही उतरली तरी तिला गोष्टीचा धागा सापडावा, अशीच ती मांडणी मला वाटते. वारलीतल्या तारपा नाचाच्या वेटोळ्यालाही ठरलेली पहिली ओळ नसते.

भिंतीपाशी नातवाने विचारलं, "आजोबा, यातला कुत्रा कुणाचा?" निघालेले आजोबा थांबले, चष्मा सारखा केला आणि झोपडीपासून विहिरीपर्यंत माणसं शोधू लागले.