अनवाणी धावणं आणि पातळ तळाचे बूट

अनवाणी धावणं म्हणजे पायात काहीही न घालता धावणं, आणि मिनिमलिस्ट रनिंग म्हणजे असा बूट घालून धावणं जो फक्त काटा-काच अडवतो, बाकी पायाच्या कामात लुडबुड करत नाही. तळ पातळ, टाच आणि चवडा एकाच उंचीवर (याला झीरो ड्रॉप म्हणतात), पुढे बोटं पसरायला ऐसपैस जागा, आणि हातात धरून दुमडला तर पोळीसारखा दुमडला जाणारा. नेहमीच्या रनिंग शूजमध्ये टाच चवड्यापेक्षा साधारण ८ ते १२ मिलीमीटर उंच असते. आकडा किरकोळ वाटतो पण सगळं भांडण तिथूनच सुरू होतं. या नोंदीत जास्त भर जाड बुटांतून बाहेर पडण्याच्या मधल्या काळावर आहे, कारण माणसं अडकतात आणि मोडतात ती तिथेच.

बडोद्यात हा विषय काढला की समोरचा मराठी माणूस हमखास म्हणतो, त्यात नवीन काय, आपण घरात अनवाणी, देवळात अनवाणी, दांडिया बाजारात माणिकरावांच्या आखाड्यात कुस्ती-मल्लखांब अनवाणीच, आणि नवरात्रात गरबा तर नऊ रात्री मातीत अनवाणी. खरंय. पण ज्याने गरबा खेळलाय त्याला पहिल्या नोरत्यानंतरची (नवरात्रातल्या पहिल्या रात्रीनंतरची) सकाळ पण आठवत असेल, जिना उतरताना कठड्याला धरून आडवं आडवं उतरायला लागतं, पोटऱ्या भरून आलेल्या असतात, त्यातला पाव भाग पण टाचांना झालेला नसतो. कारण गरब्यात आपण नकळत चवड्यावर उड्या मारतो आणि ते सगळं काम पोटरी करते. अनवाणी धावण्यात नेमकं हेच होतं, फक्त गरब्यात मध्ये थांबून पाणी पिता येतं आणि धावताना मिनिटाला १७०-१८० पावलं पडत राहतात. सहा मिनिटांना किलोमीटर असा वेग धरला तर पाच किलोमीटरला पाच हजारांवर पावलं झाली, आणि प्रत्येक पावलाला अंगाच्या वजनाच्या दोन-अडीच पट भार. अनवाणी चालायची सवय आहे म्हणून अनवाणी धावता येईल हा हिशोब इथेच चुकतो.

पायात काय बदलतं

पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात, आणि मधली कमान स्प्रिंगसारखी दबते आणि उसळते. जाड गादीच्या बुटात बहुतेक लोक टाच आधी टेकवतात, पाय लांब पुढे टाकून, कारण गादी आहे म्हटल्यावर टाचेला लागत नाही. बूट काढून तसंच धावून बघा, चार पावलांत टाच ओरडते. मग शरीर आपोआप पाऊल आखूड करतं, गुडघा जरा वाकवतं आणि पाय कमरेच्या जवळ, चवड्यावर किंवा सपाट टेकवतं. हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांनी २०१० मध्ये नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात जे छापलं ते हेच, की जन्मभर अनवाणी धावणारे बरेचसे लोक चवड्यावर उतरतात आणि त्यामुळे टाच आपटताना जो एकदम धक्का बसतो तो त्यांच्यात जवळजवळ दिसत नाही. याचा अर्थ लोकांनी परस्पर असा काढला की अनवाणी धावलं की दुखापत होत नाही, जे त्यात कुठेही म्हटलेलं नव्हतं. आणि २०१३ मध्ये केनियातल्या दासनच लोकांचा अभ्यास आला, तेही कायम अनवाणीच असतात, तर ते सावकाश पळताना बहुतेक टाचेवरच उतरत होते. म्हणजे वेग, जमीन, सवय सगळंच मध्ये येतं.

खरं सांगायचं तर भार नाहीसा होत नाही, जागा बदलतो. गुडघ्यावरचा थोडा हलका होतो आणि तो पोटरी, टाचेमागची जाड शीर (अकिलिस टेंडन) आणि चवड्याची लांब हाडं यांच्या गळ्यात पडतो. म्हणून ज्याचे गुडघे कुरकुरतात त्याला फायदा वाटू शकतो आणि ज्याची टाचेमागची शीर आधीच दुखरी आहे त्याने या भानगडीत पडूच नये.

तळव्याच्या कातडीबद्दल एक गैरसमज आहे की घट्टे पडले की पाय बधिर होतात. २०१९ मध्ये हे मोजून बघितलं गेलं आणि तसं निघालं नाही, जाड तळव्याच्या माणसाला पण जमीन तितकीच कळते. बुटाच्या गादीचं मात्र तसं नाही, तिच्यातून जमिनीची खबर येतच नाही.

हे कुठून आलं

अनवाणीवाले पहिलं नाव घेतात इथिओपियाच्या अबेबे बिकिलाचं, १९६० रोम ऑलिंपिक, संध्याकाळची मॅरेथॉन, जुन्या दगडी रस्त्यांवरून अनवाणी २ तास १५ मिनिटं १६ सेकंद, त्या वेळचा जगातला सगळ्यात वेगवान वेळ. ते जे सांगत नाहीत ते हे की १९६४ ला टोकियोत हाच माणूस बूट घालून धावला आणि तीन मिनिटं आणखी लवकर आला. दक्षिण आफ्रिकेची झोला बड पण ट्रॅकवर अनवाणीच धावायची.

फॅशन म्हणून लाट आली ती २००९-१० च्या आसपास, मेक्सिकोतल्या रारामुरी लोकांच्या गोष्टी जगभर पोचल्यावर. हे लोक डोंगरदऱ्यांतून टायरच्या तुकड्याला वादी बांधून केलेल्या चपलांवर तासन्‌तास पळतात. टायरच्या चपला आपल्याकडे बाजारात ढिगाने मिळायच्या, त्या घालून कोणी धावला नाही इतकंच. मग पाच बोटांचे बूट आले, व्हायब्रमचे, माकडाच्या पायासारखे दिसणारे, आणि पाय मजबूत होतात या जाहिरातीवरून अमेरिकेत कंपनीवर खटला झाला, २०१४ मध्ये कंपनीने साडेसदतीस लाख डॉलरवर तो मिटवला. त्यानंतर वारं एकदम उलट फिरलं, बूट इतके जाड व्हायला लागले की २०२० मध्ये जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेला रस्त्यावरच्या शर्यतींसाठी ४० मिलीमीटरची मर्यादा घालावी लागली. दहा वर्षांत कागदापासून गादीपर्यंत! यावरून बुटांच्या धंद्यावर किती विश्वास ठेवायचा ते ज्याचं त्याने ठरवावं.

मराठी माणसांत अनवाणी धावण्याचं नाव घेतलं की मिलिंद सोमण आठवतो. २०१६ मध्ये तो अहमदाबाद ते मुंबई पाचशेवर किलोमीटर अनवाणी धावला, आणि तो हायवे बडोद्यावरूनच जातो, त्यामुळे इथे बऱ्याच जणांनी त्यानंतर दोन-चार दिवस बूट काढून बघितले. आणि बारामतीच्या लता करे, नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि जिंकल्या, नवऱ्याच्या दवापाण्याच्या पैशासाठी. त्यांच्यापुढे झीरो ड्रॉपची चर्चा करायला आपल्याला लाज वाटायला पाहिजे.

किती हळू

२०१३ चा एक अभ्यास मला सगळ्यात कामाचा वाटतो. सवयीचे ३६ धावणारे घेतले, १९ जणांना पाच बोटांचे बूट दिले, हळूहळू वाढवत न्या असं सांगून, आणि १७ जण आपल्या नेहमीच्या बुटांत. दहा आठवड्यांनी एमआरआय काढला तर १९ पैकी १० जणांच्या पावलाच्या हाडांत आतून सूज वाढलेली, दुसऱ्या गटात फक्त एकाच्या. म्हणजे दहा आठवडे, जे आपल्याला खूप हळू वाटतात, ते पण घाईचे ठरले.

कारण साधं आहे. दम पहिल्या दिवसापासून असतोच, स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, पण हाडाचं काम घराच्या गिलाव्यासारखं चालतं. जास्त भार आला की शरीर आधी जुनं खरवडून काढतं आणि मग नवं भरतं, या एका फेरीला तीन-चार महिने लागतात, आणि मधल्या आठवड्यांत हाड आधीपेक्षा कच्चं असतं. नेमकं तेव्हाच माणसाला वाटतं की आता जमलं, आणि तो एकदम दहा किलोमीटर मारून येतो.

मी पण तेच केलं. तिसऱ्या आठवड्यात पोटऱ्या दुखायच्या थांबल्या म्हणून आनंदाने सात किलोमीटर, आणि दोन दिवसांनी उजव्या चवड्यावर, वरच्या बाजूला, बोट ठेवलं की बरोबर त्या एका जागी कळ. एक्स-रे काढला, काही नाही. नंतर कळलं की असं बारीक तडकलेलं हाड पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेत बहुतेक वेळा दिसतच नाही, आणि याला मार्च फ्रॅक्चर म्हणतात कारण परेड करणाऱ्या शिपायांना व्हायचं. दीड महिना घरी. आई रोज म्हणायची, चांगले चार हजाराचे बूट घेतले होतेस ना.

तर पोटरी दोन-तीन दिवस सगळीकडून भरून येणं हे चालतं, पण हाडावर एका ठिपक्याएवढ्या जागी दुखणं, किंवा सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाचेखाली सुई, हे दिसलं की थांबायचं, एक दिवस नाही, पूर्ण बरं होईपर्यंत.

करायचं काय तर आधी दोन-तीन आठवडे नुसतं चालायचं, घरातल्या स्लीपर पण बंद, आणि पायरीवर चवडे टेकवून टाच वर-खाली. मग नेहमीच्या धावण्याच्या सुरुवातीला, पाय ताजे असताना, चार-पाचशे मीटर अनवाणी आणि पुढचं बुटांत. एक दिवस आड. पोटरी मऊ झाल्याशिवाय पुढचं अंतर नाही. पूर्ण बदलायचंच असेल तर सहा महिने धरून चाला, वर्ष लागलं तरी बिघडत नाही. अनवाणीऐवजी पातळ बूट घेतले तर काटा लागत नाही पण धोका एका अर्थी वाढतो, कारण कातडी सोलली जात नाही म्हणून आपल्याला थांबवणारं कोणी उरत नाही. शाळेतले पांढरे पीटीचे कॅनव्हास शूज तळाने जवळजवळ असेच असतात, फक्त पुढे बोटांना आवळतात.

बडोद्याची जमीन

कमाटीबाग (सयाजीबाग, १८७९, महाराज सयाजीराव गायकवाडांनी विश्वामित्री नदीच्या काठी केलेली) हे पहाटे फिरायला येणाऱ्यांचं माहेरघर, आणि सुरुवातीला बरेच जण इथल्या हिरवळीवर जातात. दव पडलेलं गवत पायाला छान लागतं पण गवतात काय पडलंय ते दिसत नाही, शिवाय मऊ जमीन आपली चुकीची पद्धत झाकते. काही जुने अनवाणी धावणारे म्हणूनच म्हणतात की गुळगुळीत कडक रस्त्यावर शिका, तिथे टाच आपटली तर लगेच कळतं. मला ते पटतं. मोकळ्या मैदानाच्या मातीत सराटे आणि वेड्या बाभळीचे काटे असतात, ज्याला इथे सगळे गांडो बावळ म्हणतात, तो काटा पातळ तळाच्या बुटातून पण आरपार येतो. कडुनिंबाखाली उन्हाळा संपता संपता निंबोळ्यांचा सडा, पाय पडला की घसरतो नाहीतर बी टोचते.

वर्षातले काही दिवस सोडूनच द्यायचे. उत्तरायणानंतरचा (म्हणजे संक्रांतीनंतरचा) आठवडा, रस्तारस्त्यांवर काच लावलेल्या मांज्याचे गुंते, बोटांच्या बेचक्यात अडकला तर चिरतोच. मे महिन्यात ऊन चढायच्या आत घरी, नाहीतर डांबर पोळतं, आणि संध्याकाळी सूर्य गेला तरी ते बराच वेळ तापलेलंच असतं. पावसाळ्यात विश्वामित्री चढली की मगरी सोसायट्यांत येतात ते सोडा, त्या दिसतात तरी, पण ओसरलेल्या पुराच्या चिखलातून पायाच्या चिरेतून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो तो दिसत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांत घेतलं नसेल तर आधी ते घ्या.

मधुमेह असलेल्यांनी, विशेषतः ज्यांच्या तळव्यांना मुंग्या येतात किंवा लागलेलं कळत नाही, त्यांनी अनवाणी धावणं तर नाहीच पण बाहेर चालणं पण टाळावं. इथे हौस कामाची नाही, न कळलेली एक जखम महिनोन्‌महिने भरत नाही.

प्रत्यक्षात बहुतेक लोक अर्ध्यावर स्थिरावतात, आठवड्यातून एक-दोन दिवस थोडं अनवाणी आणि बाकी बुटांत, आणि तेवढ्यानेही पाऊल आखूड टाकायची सवय बुटात सोबत येते. कमाटीबागेत मला पहिल्या दिवशी एका गुजराती काकांनी अडवून विचारलं होतं, "भाई, बूट क्यां गया?" चोरीला गेले असं वाटलं होतं त्यांना. पुढे ते स्वतः बूट हातात घेऊन गवतातून दोन फेऱ्या चालायला लागले, धावत नाहीत, आणि म्हणतात याने चष्म्याचा नंबर उतरतो. नंबर उतरल्याचं काही दिसत नाही, पण दोन फेऱ्यांच्या चार झाल्यात आणि बूट आता ते हातातही घेत नाहीत, गाडीत ठेवतात.