जहाजापुढचा फुकटचा प्रवासी

समुद्रप्रवासात जहाजाच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या निमुळत्या टोकावर, ओणवून खाली पाहिले असता कधी कधी डॉल्फिनांची टोळी त्या टोकाच्या अगदी पुढे, जहाजाच्याच वेगाने चाललेली दिसते. डॉल्फिनांनी जहाजाशी शर्यत लावली आहे, असेच बहुतेकांना वाटते. अशा वेळी थोडा वेळ फक्त शेपटीकडे पाहावे. पोहताना डॉल्फिन आपली शेपूट वर-खाली मारतो. येथे मात्र ती कित्येक सेकंद जवळजवळ स्थिर असते. एखादा तर कुशीवर वळून एका डोळ्याने वर आपल्याकडे पाहतो आणि तरीही तसूभर मागे पडत नाही.

डॉल्फिनच्या वेगाने शास्त्रज्ञांनाही एकदा चकवले होते. हिंदी महासागरात एका जहाजाच्या मागच्या टोकापासून पुढच्या टोकापर्यंतचे अंतर एका डॉल्फिनने सात सेकंदांत कापल्याची नोंद जेम्स ग्रे यांनी 1936 मध्ये विचारात घेतली. जहाजाचा वेग मिळवता हा वेग सुमारे 20 नॉट, म्हणजे ताशी 37 किलोमीटर भरत होता आणि ग्रे यांच्या गणिताप्रमाणे तेवढी शक्ती डॉल्फिनच्या स्नायूंत नव्हती. पुढे दोन गोष्टी लक्षात आल्या: काही सेकंदांच्या धावेत स्नायू बरीच जास्त शक्ती देऊ शकतात आणि जहाजाजवळ पोहणाऱ्या प्राण्याला जहाजाच्या लाटेचाही हातभार लागू शकतो.

हा हातभार नाळेपुढे सर्वांत स्पष्ट दिसतो. जहाज पुढे जाताना समोरचे पाणी सारते आणि पाणी जवळजवळ आकुंचन पावत नसल्यामुळे ते जहाज पोहोचण्याआधीच पुढे, वर आणि बाजूंना सरकू लागते. जहाजावरून पाहणाऱ्याच्या दृष्टीने हेच पाणी समोरून येऊन नाळेजवळ मंदावते, आणि बर्नूलीच्या नियमानुसार जेथे प्रवाह मंदावतो तेथे दाब वाढतो. त्यामुळे नाळेच्या तोंडाशी दाब सर्वाधिक असतो, पुढे जावे तसा तो उतरत जातो आणि दाबाचा हा संपूर्ण उतार जहाजाबरोबर पुढे सरकत राहतो. जहाजाकडे शेपूट करून त्या उतारावर असलेल्या डॉल्फिनच्या मागील भागावर जास्त आणि तोंडाकडे कमी दाब पडतो; या फरकातून पुढे ढकलणारे बल निर्माण होते. ज्या जागी हे बल पाण्याच्या रोधाइतके भरते, त्या जागी डॉल्फिनला शेपूट मारावी लागत नाही. तेथील पाणी स्वतःच थोडेफार जहाज जाते त्याच दिशेने निघालेले असल्याने रोधही कमी असतो. शिवाय हे पाणी वर उसळत असते. शेपटीचा आडवा पंखा त्यात योग्य कोनात तिरका धरल्यास त्यातूनही पुढे जाण्याचे बल मिळते, असे संशोधक शोलँडर यांनी 1959 मध्ये मांडले. बोथट नाळेपुढे हा उतार रुंद असतो, धारदार नाळेपुढे अरुंद. म्हणून मोक्याच्या जागा थोड्या असतात आणि त्यांच्यासाठी धक्काबुक्कीही चालते.

1992 मध्ये टेरी विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी होडीसोबत पोहणाऱ्या प्रशिक्षित डॉल्फिनांच्या हृदयाचे ठोके आणि श्वास मोजले, तेव्हा होडीच्या लाटेवर एरवीच्या पोहण्यापेक्षा जवळजवळ दुप्पट वेगाने जातानाही त्यांचे श्रम फारसे वाढत नसल्याचे दिसले.

डॉल्फिन खलाशांना वाट दाखवतात, ही समजूत मात्र हटता हटत नाही. न्यूझीलंडमध्ये ‘पेलोरस जॅक’ नावाचा डॉल्फिन 1888 ते 1912 या काळात जहाजांपुढे येत असे आणि त्याच्या संरक्षणासाठी 1904 मध्ये सरकारी आदेशही निघाला. फ्रेंच पास या धोकादायक सामुद्रधुनीतून तो जहाजांना सुखरूप नेतो, अशी त्याची ख्याती होती. प्रत्यक्षात तो तिच्या मुखापाशीच थांबे. आदेश उत्तम होता, त्यामागची वाटाड्याची कथा तेवढी पोकळ.

जहाजे नव्हती तेव्हाही ही कला असणार, कारण आजही डॉल्फिन मोठ्या देवमाशांनी रेटलेल्या पाण्यावर स्वार होतात आणि त्यांची पिल्ले आईच्या कुशीला चिकटून तिच्याबरोबर वाहणाऱ्या पाण्याचा आधार घेतात. पण श्रमांची बचत हे कारण येथे पुरेसे वाटत नाही. डॉल्फिन काही वेळ नाळेपुढे राहून पुष्कळदा आले तिकडेच परततात आणि वाचवलेले श्रम परतीच्या पोहण्यात खर्च करतात. हा हिशेब पाहता ते केवळ खेळत असावेत, हेच मला अधिक पटते.